आधी काय, आणि मग कधी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला भरवता, ते गणिताचे शिक्षक. मी त्यांच्या वर्गात बसलो आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर २ + ३ × ४ एवढंच लिहिलं, खडू खाली ठेवला आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. अर्धा वर्ग म्हणाला वीस, अर्धा म्हणाला चौदा. मग त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात सहा अक्षरं लिहिली: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आत्ता तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ती सहा अक्षरं माझ्याबरोबर म्हटली, मला ऐकू आली.

गुरुजी सांगायचे, गुणाकार बेरजेपेक्षा थोर आहे म्हणून तो आधी येत नाही. सगळ्यांनी मिळून एक क्रम मानला आहे, म्हणून सगळ्यांचं उत्तर एक येतं. तो क्रम बदलायचा असेल तर त्यालाही सोय आहे: कंस. पण कंस दिसेल असा काढायचा, आणि उघडला की बंद करायचा. बंद न केलेल्या कंसाला ते अर्धा गुण कापत. तेव्हा आम्हाला ते जाचाचं वाटे. आज मला वाटतं, सार्वजनिक जीवनात त्या अर्ध्या गुणाइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

माझा आजचा विषय हाच आहे. एक शब्द: अग्रक्रम.

मराठीत या अर्थाचे तीन शब्द चलनात आहेत. प्राधान्य, अग्रक्रम आणि अलीकडे बातम्यांतून आलेला प्राथमिकता. आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण ते एक नाहीत. प्रधान म्हणजे पुढे ठेवलेला, मुख्य. प्राधान्य हा वजनाचा शब्द आहे. अग्रक्रम हा पाळीचा शब्द आहे. हृदय हा शरीरातला प्रधान अवयव, पण अपघातातला माणूस आणला की डॉक्टर आधी त्याच्या पायातून वाहणारं रक्त थांबवतात. त्या घटकेला अग्रक्रम पायाचा. म्हणून हृदयाचं महत्त्व कमी होतं का? होत नाही. आणि प्राथमिकता? हिंदीतून आला म्हणून माझा त्या शब्दावर राग नाही. माझी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे पहिल्या पायरीचं: प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, प्राथमिक चौकशी. पहिली पायरी आणि पहिला मान या दोन गोष्टी त्या शब्दात एकमेकींत मिसळतात, आणि बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते कळेनासं होतं.

मला अग्रक्रम हा शब्द आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. त्यात अग्र आहे आणि क्रमही आहे. कोण पुढे हे सांगितलंत, की कोण मागे हेही सांगावं लागतं. कोणताही जाहीरनामा उघडा. शेतकऱ्यांना सर्वोच्च प्राधान्य. महिलांना सर्वोच्च प्राधान्य. तरुणांना, उद्योगांना, पर्यावरणाला सर्वोच्च प्राधान्य. एका डोंगराला पाच सर्वोच्च शिखरं कशी असतील? सरकारी कचेरीत टपालावर ‘तात्काळ’ असा शिक्का असतो. तो पुरेनासा झाला तेव्हा ‘अतितात्काळ’ आला. मी एका कचेरीत टेबलावरचा असा गठ्ठा पाहिला आहे. वरपासून खालपर्यंत प्रत्येक कागदावर लाल अक्षरांत तेच. त्या टेबलामागच्या लिपिकानं काय करावं? त्याला जो ओळखीचा, ज्याचा फोन आला, ज्याचा साहेब मोठा, त्याचा कागद वर येतो. सगळ्यांना प्राधान्य दिलं, की क्रम नाहीसा होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. आणि न दिसणाऱ्या क्रमात दुबळा माणूस नेहमी शेवटी असतो.

आपल्या साध्या बोलण्यात या सगळ्यासाठी दोनच शब्द आहेत: आधी आणि मग. मराठी माणसाला अग्रक्रमाचं वाक्य सांग म्हटलं, तर तो कोणतं सांगेल? आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं. लोकपरंपरेनं तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडी घातलेलं हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यातलं शौर्य आपल्याला भिडतं. आज मी तुम्हाला त्याची बांधणी बघायला सांगतो. त्यात आधी आहे तसं मगही आहे. काय मागे ठेवलं, ते नावानिशी सांगितलं आहे. आणि जे मागे ठेवलं, ते स्वतःचं आहे. ‘माझ्या’ रायबाचं. तानाजींनी दुसऱ्याच्या मुलाचं लग्न पुढे ढकललं नाही.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण माझं सगळं म्हणणं इथंच आहे. स्वतःचं मागे ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याचं मागे ठेवणं वेगळं. ज्याचं मागे पडतं, त्याला एकच विचारायचं असतं: मग म्हणजे कधी?

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. सरकारचं त्या वेळचं धोरण काय होतं? आधी वरच्या वर्गांना शिकवा, मग ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. फुले म्हणाले, पैसा कोणाचा? सरकारी तिजोरीत सारा भरणारा शेतकरी, आणि त्या पैशावर शिकणार दुसऱ्यांची मुलं. प्राथमिक शिक्षण आधी करा, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत ते सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या आणि सावित्रीबाईंच्या बरोबरीनं शिकवणाऱ्या माणसाची ही मागणी होती. ती सभेत टाळ्या मिळवण्यासाठी केलेली नव्हती. फुले शाळा चालवून बोलत होते.

त्यांना उत्तर मिळालं: मग.

मग म्हणजे कधी? सयाजीरावांनी बडोदे संस्थानात १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात हुकूम काढला. म्हणजे हे करता येत होतं. एका संस्थानाला जे झेपलं, ते ब्रिटिश साम्राज्याला झेपणार नव्हतं, असं कोण म्हणेल? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. संविधान आलं. त्याच्या ४५व्या अनुच्छेदानं सांगितलं, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. दहा वर्षं म्हणजे १९६०. शिक्षण हक्काचा कायदा प्रत्यक्ष अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनापासून हिशेब करा. १२८ वर्षं. त्या ‘मग’ मध्ये चार-पाच पिढ्या शेतात राबून, अंगठा उठवून निघून गेल्या. त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं. त्यांना फक्त नंतर या म्हटलं होतं.

दुसरी हकिगत अधिक अवघड आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना आपली माणसं आहेत आणि दोघांवरही आपलं प्रेम आहे. टिळक आणि आगरकर. एकाच ध्येयानं पेटलेले दोन तरुण. दोघांनी मिळून शाळा चालवली, दोघांनी मिळून ‘केसरी’ काढला, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस राहिले. तिथं त्यांचे वाद रंगत, ते आगरकरांनीच लिहून ठेवलं आहे. पुढं मैत्री तुटली ती कशावरून? पैशावरून? मानपानावरून? इतर कारणं होती, पण मुळाशी होता तो अग्रक्रम. आधी राजकीय की आधी सामाजिक? आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला.

टिळकांचा मुद्दा हलका नव्हता. परक्या सरकारला आपल्या घरात कायद्यानं हात घालू दिला, तर समाजाचा कणा मोडेल, सुधारणा आपण आपल्या हातानं करू, आधी सत्ता आपली होऊ द्या. हा विचार त्यांनी पुढं मंडालेची शिक्षा भोगून निभावला. त्यांच्या त्यागापुढे मी नम्र आहे. पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याकडे बघा. प्रश्न काय होता? मुलीचं संमतिवय दहावरून बारा करावं, एवढाच. दहा वर्षांच्या मुलीला ‘मग’ म्हणता येतं का? तिचं वय थांबतं का? आगरकरांना हे दिसत होतं. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली बघूनही ते मागे हटले नाहीत, आणि १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशीही गाठायच्या आत गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. १८८७ पासून न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरत असे. आधी राजकारण, मग समाजकारण, पण मांडव एक. पुण्यात त्याला विरोध झाला, आणि रानड्यांनी वाद वाढू न देता परिषद दुसरीकडे भरवली. मांडव वेगळा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिप्रथेच्या उच्चाटनावरचं आपलं भाषण छापलं, त्यात सुरुवातीलाच त्यांनी हा वाद पुन्हा मांडला. राजकीय सुधारणा आधी म्हणणारे जिंकले, आणि सामाजिक सुधारणेचं काय झालं, असा त्यांचा जाब होता.

स्वराज्य आलं. आता तरी ‘मग’ ची वेळ झाली होती ना? कायदामंत्री आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढं आणलं. स्त्रीला वारसा, घटस्फोटाचा हक्क. ते लांबत गेलं, आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यामागचं एक मोठं कारण हे लांबणं होतं. ते कायदे तुकड्या-तुकड्यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये झाले. टिळकांचं ‘आधी’ पूर्ण झालं, त्यासाठी आपण त्यांचे जन्मभर ऋणी आहोत. पण ‘मग’ आपोआप आलं नाही. त्यासाठी पुन्हा कोणाला तरी खुर्ची सोडावी लागली. मी आगरकरांच्या बाजूनं उभा आहे, हे लपवत नाही.

आता जुन्या काळातून आपल्या नळावर येऊ. महाराष्ट्राचं जलधोरण २००३ मध्ये आलं. त्यात पाणीवापराचा अग्रक्रम लिहिलेला होता: पहिलं पिण्याचं आणि घरगुती वापराचं, दुसरं उद्योगाचं, तिसरं शेतीचं. दुष्काळाच्या राज्यात शेती तिसरी. या एका ओळीवर वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, आणि २०११ मध्ये शेती दुसरी झाली, उद्योग तिसरा. शब्दाच्या अभ्यासकाला यात समाधान वाटावं. एका यादीतल्या दोन ओळींची अदलाबदल व्हायला आठ वर्षं लागली, म्हणजे शब्दाला किंमत आहे. पण त्याच वर्षी पाण्याच्या नियमनाच्या कायद्यात दुरुस्ती करून आधी दिलेली पाणीवाटपं कायम ठेवली गेली. कंस उघडला होता, तो बंद न करताच पुढचं गणित सुरू झालं.

आणि पिण्याच्या पाण्याचा पहिला क्रमांक? तो तर कोणत्याच यादीत कोणी हलवला नाही. तरीही १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पाच लाख लिटर पाणी रेल्वेनं आणावं लागलं, मिरजेहून, दहा वाघिणींत भरून. पहिल्या क्रमांकावर असलेली गोष्ट रेल्वेनं कशी येते? मी पुष्कळ दिवस याचा विचार केला. उत्तर साधं आहे. कागदावरचा क्रम एक आणि पंचांगातला क्रम दुसरा. बारमाही ऊस कार्तिकात पाणी पितो, पौषात पितो. माणसाला टंचाई जाणवते चैत्रात. ऊस कागदावर मागे असेना, काळाच्या रांगेत तो पुढे आहे. म्हणून पंधरा ऑक्टोबरला धरणातला साठा मोजतात आणि कालवा सल्लागार समित्या बसतात, तेव्हाच पुढच्या उन्हाळ्याचा हंडा बाजूला काढून ठेवला, तर पहिला क्रमांक खरा. तारीख नसलेला अग्रक्रम पाण्यासारखाच उडून जातो.

हे जमतं का? पुरंदर तालुक्यात नायगावला जाऊन बघावं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. त्यांनी यादी लिहिताना प्रश्नच बदलला. कोणाची जमीन किती, हे न विचारता घरात माणसं किती, हे विचारलं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. मोठ्या शेतकऱ्यानं आपली उरलेली जमीन कोरडी ठेवली, तेव्हा ते पाणी शेजाऱ्याला पोचलं. इथं मागे काय राहिलं? स्वतःचं. तानाजींच्या वाक्याची बांधणी मला इथं पुन्हा सापडते.

करोनाच्या लसीच्या वेळचं आठवा. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचारी, मार्चपासून साठीच्या पुढचे, एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे, मेपासून अठरा वर्षांवरचे. लस पुढं कमी पडली, हाल झाले, ते खरंच. पण आधी नर्सताईंना, मग आजीला, मग मला, हा क्रम तरुणांना पटला होता. क्रम भिंतीवर लिहिलेला असला आणि त्याचं कारण सांगितलेलं असलं, की आपली माणसं रांगेत उभी राहायला तयार असतात. हा विश्वास मी माझ्या समाजाबद्दल बाळगून आहे.

शेवटी मला आपल्या स्वयंपाकघरात जायचं आहे. आम्ही पाच भावंडं. आई चुलीजवळ बसून वाढायची. आधी वडील आणि पाहुणे, मग आम्ही मुलगे, मग बहिणी. ‘आई, तू?’ असं कोणी विचारलं, की ती म्हणायची, ‘तुम्ही जेवा, मी मग बसते.’ एकदा मी पाणी प्यायला उठलो आणि दारातून पाहिलं. कालवणाचं पातेलं तिरकं करून ती भाकरीच्या तुकड्यानं त्याची आतली कड पुसत होती. पातेल्यात दुसरं काही नव्हतं. तिनं वर पाहिलं आणि पातेलं पटकन चुलीमागं सरकवलं. मला लाज वाटू नये म्हणून तिनं ते लपवलं. मी त्या वेळी दहा वर्षांचा असेन. गेली कित्येक वर्षं ‘मग’ हा शब्द कुठंही ऐकला, की मला ते पातेलं दिसतं.

हे एका घराचं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. रक्त कमी होण्याची कारणं अनेक आहेत, डॉक्टर ती सांगतील. पण शेवटच्या ताटाचं कारण सांगायला डॉक्टर लागत नाही.

आपल्या रेशन दुकानाच्या फलकावर दोन नावं असतात. अंत्योदय, म्हणजे जो शेवटी आहे त्याचा उदय आधी. त्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. आणि प्राधान्य कुटुंब, माणशी ५ किलो. आज आपण ज्या शब्दाचा विचार करतो आहोत, तो सरकारी कागदावर सर्वांत नेमका जर कुठं वापरला गेला असेल, तर तो इथं, धान्याच्या मापासमोर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं तेरावं कलम आणखी एक गोष्ट सांगतं. शिधापत्रिका देताना घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख मानायची. ज्या बाईचं ताट शेवटी, तिचं नाव कायद्यानं पहिलं लिहिलं.

मघा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं, साडेआठला सभागृह रिकामं करायचं आहे. म्हणजे आपण सगळे जेवणाच्या वेळेला घरी पोचाल. पानं मांडलेली असतील. तिथं कोणी तुम्हाला म्हणेल, तुम्ही बसा, मी मग बसते. तेव्हा आपलं पान बाजूला सारा, उठा, आणि भांड्यावरचं झाकण काढून आत किती उरलंय ते आपल्या डोळ्यांनी बघा.